शेवटचा परिच्छेद आम्ही वाचत नसू

आखातातल्या नोकरीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे उंट, वाळू आणि सोनं असावं. मी कतारमध्ये तेरा वर्षं काढली. उंट दोनदा पाहिले, त्यातला एक टेम्पोत बसलेला होता. सोनं एकदाच घेतलं, तेही मेहुणीच्या लग्नात. बाकीचा सगळा वेळ मी दोहातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये फिरत्या खुर्चीवर बसून होतो, आणि ती खुर्चीसुद्धा फिरत नव्हती. तेव्हा मला लिहायचं तर कागदांबद्दलच लिहावं लागेल. कंटाळा आला तर संपादकांना कळवा.

टायपिंग सेंटर म्हणजे कचेरीच्या बाहेरची कचेरी. तिथे सरकारकडे काहीही मागायचं तर अर्ज अरबीत हवा, ठरावीक नमुन्यात हवा आणि बिनचूक हवा. व्हिसा वाढवायचा आहे, लायसन हरवलं आहे, बायकोला दोन महिने बोलवायचं आहे, पासपोर्टवर बापाचं नाव चुकलं आहे, सगळ्याला अर्ज. माणूस काउंटरवर येऊन हिंदीत नाहीतर आपल्या बोलीत रडगाणं सांगायचा. त्यातलं रडणं आम्ही काढून टाकायचं आणि उरेल ते टाइप करायचं. मी रत्नागिरीला इंग्रजी आणि मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. अरबी अक्षरं लहानपणी मदरशात शिकलो होतो. त्यांचा अर्थ दोहात मशीनवर बसल्यावर हळूहळू कळत गेला.

मला हे काम एका सुदानी उस्तादानं शिकवलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, की सरकारी कागदाचे तीन तुकडे असतात. वर सलाम-दुआ आणि नंबर. मधे मुद्दा. आणि शेवटी एक परिच्छेद, जो सगळ्या कागदांवर सारखाच असतो. "ऊपर देखो, बीच का पढो, नीचे का खलास," असं तो म्हणायचा. दिवसाला साठ-सत्तर कागद हातांखालून जायचे. शेवटचा परिच्छेद वाचत बसलो असतो तर रांग गल्लीच्या टोकाच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली असती. तो टाइप करताना आमची बोटं आपोआप चालत आणि वाचताना डोळे आपोआप थांबत. गल्लीतले सगळेच टायपिस्ट असेच होते आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता.

आपल्या माणसांसाठी माझं आणखी एक खातं होतं: गावाकडचे कागद. मुखत्यारपत्र, हमीपत्र, बँकेला अर्ज, तलाठ्याला अर्ज. मराठी मशीन अख्ख्या गल्लीत नव्हतं, म्हणून ते मी हातानं लिहीत असे. दोहाच्या अल दुहैल भागात एका कंपाउंडमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या बंद वस्तीत, शेळके नावाचे ड्रायव्हर होते, कराडकडचे. त्यांनी एकदा माझ्याकडून ग्रामसेवकाला अर्ज लिहून घेतला. गावचं घर अकरा महिने कुलपात असतं, सबब घरपट्टी एकाच महिन्याची आकारावी. मी समजावून पाहिलं, पण ते ऐकेनात. मग मीही हौसेनं चांगली दोन पानं लिहिली, त्यात 'नैसर्गिक न्याय' वगैरे शब्द घातले. दीड महिन्यानं ग्रामसेवकाचं उत्तर आलं. आपण गावी येऊन कुलूप काढता तेव्हा घर जागेवरच असते, तरी पूर्ण रक्कम भरावी. शेळके ते पत्र खिशात घालून सगळ्यांना दाखवत फिरायचे. म्हणायचे, "माणूस हुशार हाय, मानलं पाहिजे."

कतारमध्ये घरावर कर नव्हता. आमच्यातल्या कुणाचं तिथे घरही नव्हतं. एका खोलीत सहा पलंग, प्रत्येकाच्या पलंगाखाली एक बॅग आणि भिंतीवर गावच्या घराचा फोटो. फोटोत माणसं कमी आणि स्लॅब जास्त दिसायचा. घर हा बोलण्याचा विषय खरा, पण ते घर नेहमी दुसरीकडे असे.

मी गेलो तो काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. आधी आलेली कोकणातली पिढी तेव्हा म्हातारी होत होती. या माणसांनी वीस-पंचवीस वर्षांत एकेका सुट्टीला एकेक खोली चढवून मोठाली घरं बांधली होती. मुलं शिकून बाहेर गेली, मुली सासरी गेल्या, आणि आठ खोल्यांच्या घरात एकटी बायको राहिली. मग म्हाताऱ्याच्या डोक्यात यायचं, की हे विकावं आणि तालुक्याला दवाखान्याजवळ दोन खोल्या घ्याव्यात. घर विकलं की नफ्यावर कर लागतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं. त्यातून सूट मिळते, हे मात्र कुणी सांगितलेलं नसायचं.

मलाही ते ठाऊक नव्हतं. एका ट्रेडिंग कंपनीत दामले नावाचे अकाउंटंट होते. डोंबिवलीचा फ्लॅट विकून ते पुण्यात घेत होते. त्यांचे कागद टाइप करताना त्यांनी मला सगळं समजावलं. राहतं जुनं घर विकलं आणि ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण दोन वर्षांत, दुसरं राहतं घर घेतलं, तर नव्या घरात घातलेल्या नफ्यावर कर नाही. बांधत असाल तर तीन वर्षं. माणसानं घर बदललं म्हणून त्याला भुर्दंड नको, असा त्यामागचा विचार. मला हे फार आवडलं. कायद्यानं आपल्या म्हाताऱ्यांचा विचार केला आहे असं वाटलं. दामल्यांनी एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, ती म्हणजे विकणारा आणि घेणारा एकच असावा. त्यांना ती सांगण्यासारखी वाटली नसावी.

त्यानंतर मी टायपिस्टचा सल्लागार झालो. एक झालं, दोन झाले, मग पाच-सहा म्हाताऱ्यांचे कागद मी मार्गी लावले. लोक काउंटरवर येऊन विचारू लागले, "घराच्या कायद्याचे शौकतभाई तुमीच काय?" मीही मान डोलवायचो. त्या दिवसांत मी थोडा फुगलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कासमभाई याच काळात आले. कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैस नावाचं छोटं बंदर आहे, तिथे ते मासेमारीच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करत. वय साठीच्या जवळ, सत्तावीस वर्षं तिकडेच. अंगाला डिझेलचा वास कायमचा. ते गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी पिकअपमधून दोहात येत आणि येताना बर्फात घातलेला एक हमूर मासा माझ्यासाठी आणत. मी नको म्हणायचो, ते काउंटरखाली ठेवून द्यायचे आणि मग दुकानभर वास सुटायचा. त्यांचं गाव आमच्याच खाडीवर, चार गावं सोडून.

"जुलेखाचे गुडघे गेले, शौकतभाई," ते म्हणाले. जुलेखा म्हणजे त्यांची बायको. "घर हाय डोंगराच्या कुशीत. पाखाडीच्या पायऱ्या चढताना ती तीनदा बसते. परवा पाणी घेऊन पडली. आता खाली उतरायचं हाय. चिपळूणला तळमजल्याचा ब्लॉक बघितलाय."

"आणि तुम्ही?"

"मी पण उतरतो. खूप झालं." ते म्हणाले, "लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आधी बोटीवर आणि मग इथं. सगळ्या सुट्ट्या जोडल्या तर आमचा संसार चार वर्षांचा पण नाय. एकदा बिनसुट्टीचा घरात राहायचं हाय मना."

एवढंच त्यांचं मागणं होतं. आखातात लोक काय काय मागायला येत, त्यात हे फार मोठं नव्हतं.

घराला गिऱ्हाईक चटकन मिळालं. ज्या चढणीनं भाबींचे गुडघे गेले, तिच्याच माथ्यावरून खाडी दिसते म्हणून मुंबईच्या एका गृहस्थांना ते घर हवं होतं. कासमभाई सुट्टी काढून गेले, स्वतः सही करून घर विकून आले. मुंबईकरांचा अकाउंटंट पक्का होता. विकणारा परदेशात राहतो म्हणून त्यानं कराची रक्कम आधीच कापून सरकारात भरली. मी म्हणालो, काळजी करू नका, नवीन घर घेतलं की विवरण भरून ती परत मागायची. ती परत आली की ब्लॉकचा शेवटचा हप्ता द्यायचा आणि मोकळं व्हायचं. हिशेब सरळ होता. कासमभाईंनी कफीलाला, म्हणजे त्यांच्या अरब मालकाला, सांगून टाकलं की हा शेवटचा हंगाम. राजीनामा मीच टाइप केला. टाइप करताना मी त्यांना म्हणालो, इतका आनंदाचा कागद बरेच दिवसांत आला नाही.

ब्लॉक तयार व्हायला आठ महिने लागले. खरेदीच्या वेळी कफील पुन्हा सुट्टी देईना. मुखत्यारपत्र करायचं तर दूतावासात खेपा, शिक्के, मग तिकडे गेल्यावर पुन्हा शिक्के. कासमभाईंना अल रुवैसहून चार वेळा यावं लागलं असतं. मी म्हणालो, "कशाला भानगड? भाबींच्या नावावरच घ्या ना."

यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे हा रिवाजच आहे. गल्फवाल्याचं घर बायकोच्या नावावर, विजेचं मीटर बायकोच्या नावावर, गॅसचं कार्ड बायकोच्या नावावर. गडी दोन वर्षांतून एकदा येणार. सही करायला जागेवर कोण, तर ती. खाडीकाठच्या आमच्या गावांत घरपट्टीचं बुक उघडलं तर निम्मी नावं बायकांची निघतील. त्यात कुणाला ना मोठेपणा वाटतो ना कमीपणा, ती आमची सोय आहे. भाबींनी जाऊन सही केली, ब्लॉक 'जुलेखा कासम' या नावावर झाला. बिल्डरनं शेवटच्या हप्त्याच्या भरवशावर चाव्या दिल्या. कासमभाई त्या गुरुवारी दोन मासे घेऊन आले.

विवरण भरून कर परत मागितला होता, त्यावर कराच्या कार्यालयाचं पत्र पुढच्या वर्षी रमजानात आलं. भाबींनी ते चिपळूणहून फॅक्स केलं. रमजानात आमचे कामाचे तास निम्मे आणि कामं दुप्पट. मी उपाशी, गिऱ्हाईक उपाशी, मशीन तापलेलं. कासमभाई काउंटरपलीकडे उभे, आणि त्यांच्या मागे दहा-बारा माणसं. मी फॅक्स वाचला. वर नंबर आणि तारीख. मधे मुद्दा असा, की जुनं घर विकलं कासमनं, नवीन घेतलं जुलेखानं. ही दोन वेगळी माणसं आहेत, तेव्हा सूट नाही आणि कापलेला कर परत मिळणार नाही.

मी तो मुद्दा त्यांना मराठीत सांगितला. त्यांनी फॅक्स स्वतःकडे फिरवून घेतला. मग म्हणाले, "ती काय परकी हाय?"

"कायद्याला नवरा-बायको वेगळी दिसतात, कासमभाई."

"खाली आणखी काय लिवलंय? हा भाग मोठा दिसतो." त्यांनी कागदाच्या शेवटावर बोट ठेवलं होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद कुठे संपतो ते दिसत होतं.

"ते नेहमीचंच असतं," मी म्हणालो. "सरकारशी भांडून काही मिळत नाही. खलास समजा."

तो परिच्छेद मी वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं, की हा निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येईल. पुढे काही वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की फॅक्स फिकट होता. फॅक्स फिकट नव्हता.

कासमभाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. बिल्डर हप्त्यासाठी मागे लागला होता. तो चुलतभावाकडून घेऊन भागवला, आणि चुलतभावाचे फेडायला ते अल रुवैसलाच राहिले. राजीनामा परत घेण्याचा अर्जही माझ्याच हातून गेला. कफील खूष झाला, कारण असा मेकॅनिक त्याला मिळाला नसता. ज्या दिवशी तो अर्ज टाइप केला त्या दिवशी कासमभाई म्हणाले, "तीन वर्षं काय, हां हां म्हणता जातील. इन्शाल्ला." मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्या वेळी फार नाही वाटलं. आमच्या काउंटरवर रोज कुणाची तरी दोन-तीन वर्षं वाया जात होती. रोज पाहून पाहून मन निबर होतं.

ती तीन वर्षं ते येत राहिले. शेवटच्या वर्षी एका गुरुवारी मासा ठेवून गेले आणि शनिवारी दुसरा मासा घेऊन पुन्हा आले. म्हणाले, गुरुवारी यायला जमलं नाही. मी हसलो. म्हटलं, कासमभाई, आता खरंच घरी जायची वेळ झाली. तेही हसले. त्या वर्षी ते परत गेले. मी त्यांचा शेवटचा कागद टाइप केला आणि चहा पाजला.

दोन-अडीच वर्षांनी मीही परतलो. कॉम्प्युटर आले होते, नमुने सरकारच्या वेबसाइटवर आले होते, आणि माझी पाठ गेली होती. रत्नागिरीला आल्यावर मलाही घर बदलायचं होतं. वडिलांनी माझ्या नावावर केलेलं घर विकून शहरात छोटं घ्यायचं ठरलं. या वेळी मी कराच्या सल्लागाराकडे गेलो, आधीच पोळलो होतो ना. हे सल्लागार तरुण होते. माझे कागद हातात घेतले आणि शेवटाकडून वाचायला लागले. मी विचारलं, असं का? म्हणाले, "वर त्यांना काय हवंय ते असतं, खाली आपल्याला काय मिळू शकतं ते असतं. मी खालून वाचतो."

मी त्यांना कासमभाईंची गोष्ट दुसऱ्याच कुणाची म्हणून सांगितली. ते म्हणाले, "अपील का नाही केलं? पैसे सगळे नवऱ्याचे, बायकोचं नाव फक्त सोयीसाठी. अशा प्रकरणांत लोक वर जाऊन जिंकलेत. नक्की सुटलं असतं असं नाही म्हणत, पण लढण्यासारखं होतं." मी बरं म्हणालो, बाहेर आलो आणि एस.टी. स्टँडवर बसून राहिलो. तेरा वर्षांत मी किती शेवटचे परिच्छेद सोडले असतील याचा अंदाज करायला लागलो, आणि मग तो नाद सोडला.

दुसऱ्या आठवड्यात मी चिपळूणला गेलो. कासमभाईंना तोंडावर सांगायचं, एवढं ठरवलं होतं. माफी मागायची की नाही ते ठरवलं नव्हतं.

दार भाबींनी उघडलं. ज्यांचं नाव मी इतक्या कागदांवर लिहिलं त्या बाईंना मी पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, काठी टेकून उभ्या, आवाज खणखणीत. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "टायपिंगवाले. या."

कासमभाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, शेजारी बॅग. कुठे निघालाय, असं मी विचारणार तेवढ्यात त्यांनीच ओळखलं. "शौकतभाई! बरं झालं आलात. गाडी पहाटेची हाय."

मी भाबींकडे पाहिलं. त्यांनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं आणि गॅसवर चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं. आमच्या गावांतल्या माणसाची सुट्टी संपली, की तो आदल्या दिवशी डोंगर उतरून तालुक्याला येतो, नातेवाइकाकडे मुक्काम करतो आणि पहाटे मुंबईची गाडी पकडतो. कासमभाईंनी तीस वर्षं हेच केलं होतं. परत आल्यावर सहा-सात महिने ठीक गेले. मग विसरायला लागले. आता त्यांच्या लेखी चिपळूणचं घर म्हणजे सुट्टीचा शेवटचा मुक्काम. रोज सकाळी आंघोळ करून बूट घालून बसतात. रोज विचारतात, गाडी किती वाजता?

"माझं घर त्यांनी घर म्हणून बघितलंच नाय," भाबी म्हणाल्या. "डाक्टर म्हणतो, हे आधीपासून चालू झालं असणार, आतल्या आत. तीन वर्षं आधी आले असते तर तीन वर्षं तरी शुद्धीत राहिले असते माझ्यासंगती."

मी म्हणालो, "भाबी, त्या पत्राचं मला सांगायचं आहे."

"काय सांगणार? तीस दिवसांत अपील करता येत होतं ते?" त्यांनी गॅस बारीक केला. "मना माहीत हाय. शेजारच्या मास्तरांनी पत्र वाचून सांगितलं होतं. मी फोन केला त्यांना. ते म्हणाले, शौकतभाई म्हणतात खलास, म्हणजे खलास. मी दोनदा बोलले. त्यांचा माझ्यापेक्षा तुमच्यावर भरवसा जास्त."

मी फक्त म्हणालो, "माझं चुकलं."

"हां, चुकलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आता तुमी कबूल केलं म्हणून वर्षं काय परत येणार हायत? चहा घ्या."

चहा बाहेरच्या खोलीत घेतला. कासमभाई बशीत ओतून पीत होते आणि मधेच दाराकडे बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "कफीलाचं काय म्हणणं हाय? सुट्टी वाढवून देतो काय? कागद आणलाय काय?" इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. त्यांना नेहमी वेळेवर परत जायचं असे.

मी काय उत्तर द्यावं म्हणून भाबींकडे पाहिलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि नातवाची एक वही आणि पेन घेऊन आल्या. वही माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "मी सांगते तर त्यांना पटत नाय. पोरगी पनवेलहून येऊन सांगून गेली, तिचं पण नाय पटलं. कागदावर लिवलेलं तेवढं पटतं. अरबीत लिवा. तुमच्या हातचा कागद ते मानतात."

मी वहीचं पान फाडलं. वर सलाम लिहिला, कासमभाईंचं नाव लिहिलं, अल रुवैस लिहिलं. कासम यांची रजा वाढवण्यात येत आहे, असं लिहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं अर्ज केले, मंजुरी देण्याची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. रजा वाढवताना ती कधी संपणार हे लिहावंच लागतं, त्याशिवाय कागद पुरा होत नाही. तिथे येऊन मी थांबलो.

"कितव्या तारखेपर्यंत लिहू, भाबी?"

"तारीख नका घालू," त्या म्हणाल्या.

मी घातली नाही. खाली सही केली आणि कागद कासमभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, उजवीकडून डावीकडे एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मग वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.